एका खाडीचे दोन कायदे

पेडणे तालुक्याच्या एखाद्या कोपऱ्यात सहज मावेल एवढा नाउरू हा देश. क्षेत्रफळ 21 चौरस किलोमीटर, वस्ती 12 हजारांच्या आसपास. एकेकाळी फॉस्फेटच्या खाणींवर हा देश गब्बर झाला होता. खाणी रित्या झाल्या आणि पैसाही उडून गेला. डिचोलीच्या वाचकांना ही गोष्ट वेगळी सांगण्याची गरज नाही. पण याच नाउरूच्या नावाने 1982 मध्ये झालेला एक करार गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या राज्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. पॅसिफिकमधल्या बेटांनी, पुढे सामील झालेल्या तुवालूसह एकूण आठ देशांनी, आपल्या समुद्रातल्या मासळीचा सौदा यापुढे एकत्र करायचा असे त्यात ठरवले.

त्याआधी काय होत होते? जपान, तैवान, कोरिया, अमेरिका यांच्या मोठ्या बोटी ट्युनासाठी, म्हणजे आपल्या बाजारातल्या कुप्याच्या जातभाईंसाठी, या समुद्रात यायच्या. परवान्याच्या किमतीवरून एका बेटाने हट्ट धरला की बोटी शेजारच्या बेटाकडे वळायच्या. मासळी यांची, भाव त्यांचा. पकडलेल्या मासळीच्या मोलातला अगदी किरकोळ हिस्सा बेटांच्या पदरात पडे. करार झाला तरी वर्षानुवर्षे हे चालूच राहिले, कारण कागदावर एकी आणि व्यवहारात चढाओढ होती. चित्र पालटले ते ‘नौकादिवस’ ही पद्धत लागू झाल्यावर. आठही देशांच्या समुद्रात मिळून वर्षाला किती दिवस जाळी टाकू द्यायची हे आधी ठरते, ते दिवस आपसांत वाटले जातात आणि दिवसाचा किमान भाव सगळ्यांचा एकच असतो. 2012 मध्ये हा भाव 5 हजार डॉलर होता. तीनच वर्षांत तो 8 हजारांवर गेला. 2010 मध्ये या देशांना मिळून सुमारे 6 कोटी डॉलर मिळत होते, ते उत्पन्न त्याच दशकाच्या अखेरीस 50 कोटींच्या घरात पोचले. समुद्र तोच, मासळी तीच. पापुआ न्यू गिनीसारखा कोटभर लोकांचा देश आणि तुवालूसारखा 11 हजारांचा देश एका बाकावर बसले, एवढाच काय तो फरक.

आता केरीकडे वळू. तेरेखोल नदी इथे समुद्राला मिळते. दक्षिणेला केरी गोव्याचे, उत्तरेला तेरेखोलचा किल्ला आणि गावही गोव्याचेच, पण त्या गावाच्या पाठीला लगेच महाराष्ट्र लागतो. खाडीतून थोडे वर गेले की एका काठावर किरणपाणी, समोर आरोंदा. दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या जत्रांना जातात, सोयरिकी करतात, आजारी पडली की बांबोळीच्या इस्पितळाची वाट धरतात. बांगड्याचा थवा तर पासपोर्ट पाहून वळत नाही. तरीही किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र ज्या त्या राज्याच्या कायद्याने चालतो. गोव्याचा कायदा 1980 चा, महाराष्ट्राचा 1981 चा. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध आणले आणि 2021 मध्ये कायदाही कठोर केला. गोव्यात पर्ससीनचे नियम वेगळे आहेत. प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या एलईडी मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. ती बंदी किती पाळली जाते, हे मालवणच्या पारंपरिक मच्छीमाराला विचारावे किंवा हरमलच्या रापणकाराला. उत्तर एकच मिळेल.

गंमत अशी की तक्रारही एकच आहे. मालवणचे मच्छीमार परराज्यातल्या हायस्पीड ट्रॉलरविरुद्ध ओरडतात, त्यात रोख बहुधा कर्नाटकातल्या मलपीकडे असतो आणि कधी गोव्याकडेही. गोव्याचे मच्छीमारही मलपीच्या ट्रॉलरविरुद्धच ओरडतात. गस्ती नौका मात्र आपापल्या हद्दीच्या रेषेवर थांबतात आणि पळणाऱ्या ट्रॉलरला ती रेषा ओलांडायला काही मिनिटे पुरतात. एका बेटाने हट्ट धरला की दुसऱ्या बेटाकडे वळणाऱ्या बोटींहून हे वेगळे कुठे आहे?

या मासळीमागची भूकही आता स्थानिक राहिलेली नाही. तारली पूर्वी गरिबाच्या ताटात असायची, नाहीतर माडाच्या मुळाशी खत म्हणून जायची. आज ती फिशमीलच्या कारखान्यात जाते आणि दूरदेशीच्या कोळंबीचे खाद्य होते. भाव ठरतो परदेशात, रिकामी होते ती केरीची रापण. डिचोलीने हा अनुभव लोहखनिजात घेतलेला आहे. चीनची पोलादाची भूक वाढली तेव्हा गोव्यातून वर्षाला 5 कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. बेसुमार उपसा होत असताना त्याला आवर घालण्याची कुणाची तयारी नव्हती.

मॉरिशसमध्ये हीच कथा उसाच्या रूपात घडली. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तिथल्या मळ्यांत गेलेल्या मजुरांचे वंशज आजही तिथे मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. या बेटाची साखर युरोप ठरलेल्या चढ्या भावाने घेत असे. 2006 पासून तो भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला गेला आणि 2009 मध्ये जुना साखर करारच संपला. त्याआधी 2005 च्या पहिल्या दिवशी कापड व्यापारातले देशवार कोटे उठले होते, तेव्हा तिथल्या शिलाई कारखान्यांनाही हादरा बसला. मॉरिशस सावरला तो पर्यटन, वित्तसेवा अशा नव्या वाटा धरून. पण जुलै 2020 मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल समुद्रात सांडले, तेव्हा शेजारच्या रेयुनियन बेटावरून मदत लगेच निघाली. हिंदी महासागर आयोगात ही बेटे 1980 च्या दशकापासून एकत्र बसतात. संकटात कुणाला हाक मारायची हे आधीपासून ठाऊक असण्याचा उपयोग असा होतो.

बेटांची एकी नेहमी साधतेच असे मात्र नाही. कॅरिबियनमधल्या इंग्रजी वसाहतींनी 1958 मध्ये एक संघराज्य उभारले. जमैकाने 1961 मध्ये सार्वमत घेऊन बाहेरची वाट धरली, त्रिनिदादही निघाले आणि 1962 मध्ये सारा डोलारा कोसळला. तिथल्याच काही सरकारांच्या मालकीची लिआट ही विमान कंपनी बेटाबेटांना जोडत असे. तोटा कुणी किती सोसायचा यावर एकमत होईना आणि करोनाच्या साथीत, 2020 मध्ये, ती गाळात गेली. पॅसिफिकमध्येही 2021 च्या आरंभी सरचिटणीसपदावरून पाच देशांनी तिथल्या बेटांचा सामायिक मंच सोडण्याची भाषा केली होती. समेटाला दीड वर्ष लागले. पदाचे भांडण म्हणजे काय, हे आपल्याला बेटवाल्यांकडून शिकावे लागत नाही.

आणि विमानांचेच बोलायचे तर आरशात पाहावे. ऑक्टोबर 2021 मध्ये सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला, जानेवारी 2023 पासून पेडण्यातल्या मोपावरून विमाने उडू लागली. दोन्ही एकाच किनारपट्टीवर, मोटारीने काही तासांच्या आत. दोहोंचे प्रवासी, मालवाहतूक, आंबा-काजू-मासळीची निर्यात यांचा एकत्र आराखडा दोन्ही सरकारांनी मिळून केला असता तर चिपीवरच्या फेऱ्यांची आज सुरू, उद्या बंद अशी रड कदाचित ऐकावी लागली नसती. 2018 मध्ये फॉर्मेलिनच्या वादात गोव्याने बाहेरची मासळी अडवली, तेव्हाही सिंधुदुर्गचा छोटा व्यापारी सगळ्यात आधी भरडला गेला. लोकांच्या आरोग्याची काळजी रास्तच होती. पण दोन्हीकडची तपासणी एकाच पद्धतीने व्हावी एवढे ठरवले असते तरी भागले असते.

हे अशक्य नाही, याचा दाखला पेडणे आणि डिचोलीच्या शेतातून वाहतो आहे. तिलारी धरण महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यात आहे आणि त्याचे कालवे गोव्यात येतात. 1990 च्या करारानुसार खर्चातला 73.30 टक्के वाटा गोव्याचा, 26.70 टक्के महाराष्ट्राचा. प्रकल्प रखडला, खर्च फुगला, धरणग्रस्तांना न्यायासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि कालवा फुटला की आजही नळ कोरडे पडतात. तरीही चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून पेडण्याला पाणी मिळते ते दोन राज्यांनी एका कागदावर सही केली म्हणूनच. वाटा टक्क्यांत लिहिलेला होता, देखरेखीला संयुक्त मंडळ होते. नौकादिवसाच्या पद्धतीचा गाभा तरी याहून काय निराळा आहे?

शेजारच्या मोठ्या राज्याशी हातमिळवणी म्हटली की गोव्यात एक जुनी शंका डोके वर काढते. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाने विलीनीकरणाचा प्रश्न निकाली काढला, त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. मासळीचा एकत्र भाव लावल्याने तुवालूचे सार्वभौमत्व कुठे गेले नाही. मग गोव्याची अस्मिता एका मत्स्य मंडळाने का बुडावी? शिवाय समोर बसणार आहे तो मुंबईचा महाराष्ट्र नव्हे, साडेआठ लाख वस्तीचा सिंधुदुर्ग. तो आपल्याच राज्यात एका टोकाला पडलेला आहे. दोघेही लहान आहेत, हे एकदा मान्य केले की बोलणे सोपे होते.

छोट्यांच्या एकजुटीचा वारसाही गोव्याला परका नाही. सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध उभ्या राहिलेल्या रापणकारांच्या लढ्यातूनच मातान्ही साल्ढाणा यांच्यासारखे नेतृत्व पुढे आले आणि 1978 मध्ये देशभरच्या मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला. केरीचा किनारा आज समुद्र खातो आहे, सुरूची झाडे उन्मळून पडत आहेत. त्याच समुद्राला भिऊन बेटांनी 1990 मध्ये आघाडी केली आणि पॅरिस करारात दीड अंशाची मर्यादा लिहून घेतली. पुढे वानुआतूने हवामानाचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेला. 23 जुलै 2025 रोजी त्या न्यायालयाने, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे मत दिले.

पश्चिम किनाऱ्यावरच्या केंद्रीय समुद्रात 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची मासेमारी बंदी एकाच वेळी लागू होते, म्हणजे समान नियमाची सवय आहेच. तेव्हा पुढची बंदी उठण्याआधी दोन्ही राज्यांच्या मत्स्यमंत्र्यांनी केरीत किंवा आरोंद्यात एकत्र बसावे. पर्ससीन आणि एलईडीबाबत एक नियम, जाळ्याच्या आसाचे एक माप, हद्दीवर संयुक्त गस्त आणि दंडाचा एक दर, एवढ्या चार गोष्टींवर सही करावी. कारवारला पुढच्या बैठकीचे आमंत्रण द्यावे. आणि मंडळात रापणकाराला खुर्ची द्यावी, निरीक्षक म्हणून नव्हे, मताच्या अधिकारासह.