टेकू काढला तर?

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ परत वाचायला घेतलं आहे. १८९५ मध्ये त्यांच्या पतीने, कवी ना. वा. टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पण नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. एकत्र राहायला लागल्यावरही त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं. जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा, हे मनाला पटलं तेव्हाच शिवाशीव सुटली. १९०० मध्ये त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले, तरी श्रद्धा ढळली नाही. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुढे लिहिलं.

धर्म त्यांचा वेगळा, पण प्रश्न आपलाही आहे. आपण चौविहार पाळतो, तो सासूबाई बघतात म्हणून की मनाला पटलं म्हणून? दुसऱ्याच्या टेकूवर उभी असलेली श्रद्धा टेकू निघाला की पडते.

म्हणून मला वाटतं, लेकीने ‘का?’ विचारलं तर ‘आपल्यात असंच असतं’ म्हणून तिला गप्प करू नये. सांगावं, आणि तिला पटेपर्यंत थांबावं. लक्ष्मीबाईंनाही पाच वर्षं लागलीच की!