यंत्रांच्या गावात : गाडीच्या नाकाची गोष्ट

मुलांनो, मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ सोडून नागोठण्याकडे निघालं की गडब लागतं. आजूबाजूला भातशेती, खाडीच्या अंगाला खारजमीन आणि मधून धावणारे ट्रक, डंपर, एसटी गाड्या. पावसात रस्त्याकडेला चिखल होतो आणि उघडीप पडली की तोच चिखल धूळ होऊन उडतो. अशा रस्त्यावरून आज आपण सुपरचार्जर लावलेली एक स्पोर्ट्स कार नेणार आहोत. नुसती मनातल्या मनात हं! पण निघण्याआधी तिच्यासाठी एक वस्तू निवडायची आहे : एअर फिल्टर.

इंजिन नुसतं पेट्रोल पीत नाही, ते हवाही खातं. आणि किती खातं माहीत आहे? १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा! गच्चीवरच्या हजार लिटरच्या पाण्याच्या टाक्या असतात ना, तशा नऊ टाक्या भरतील एवढी.

साधं इंजिन ही हवा स्वतः ओढून घेतं. सुपरचार्जर मात्र ती दाबून आत भरतो. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हा हवेचा पंप. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी अशा पंपाचं पेटंट १८६० साली घेतलं. बेन्झच्या मोटारीला पेटंट मिळालं १८८६ साली. म्हणजे पंप आधी आला, मोटार मागून! जास्त हवा आत गेली की जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि तेवढा जोर वाढतो.

आता तुमच्यातला कुणी हुशार म्हणेल, "मग मोठ्या भोकांचा फिल्टर लावू. हवा भरपूर जाईल, गाडी सुसाट पळेल!"

थांबा. हवेबरोबर धूळही जाईल, तिचं काय? आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) इंजिनाला खरा त्रास देतात ते याहून कितीतरी बारीक, ५ ते २० मायक्रॉनचे कण. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा अगदी पातळ थर असतो. हे कण त्यात शिरले की पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. शिवाय सुपरचार्जरची फिरती पाती एकमेकांना न शिवता, पण अगदी जवळून फिरतात. तिथेही ओरखडे पडतात. म्हणून फिल्टर असतो सुपरचार्जरच्याही आधी, वाटेच्या तोंडाशी.

दुकानात मुख्यतः दोन प्रकार दिसतील. एक घड्या घातलेल्या कागदाचा, दुसरा तेल लावलेल्या सुती जाळीचा. सुती जाळीतून हवा सहसा सहज जाते आणि ती धुऊन पुन्हा वापरता येते. पण तिच्यातून बारीक धूळ बहुधा जास्त निसटते. आणि तेल जास्त झालं, तर ते हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर जाऊन बसू शकतं. कागद बारीक धूळ चांगली अडवतो, पण भरला की बदलावा लागतो.

मग हवा कमी पडू नये म्हणून काय करायचं? भोकं मोठी नकोत, फिल्टर मोठा हवा! समजा, फिल्टरची चौकट २५ सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद आहे. सपाट कागद असता तर क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर. पण त्यात ४ सेंटिमीटर खोल अशा ६० घड्या घातल्या तर? प्रत्येक घडीच्या दोन बाजू धरा : ६० × २ × ४ × २०, म्हणजे ९,६०० चौरस सेंटिमीटर. एकोणीसपटीहून जास्त! हवेला वाटा वाढल्या आणि धुळीला एकही वाढली नाही.

काही हौशी लोक फिल्टरचा डबाच काढून बॉनेटखाली उघडा फिल्टर बसवतात. आवाज छान येतो, पण इंजिनाजवळची गरम हवा आत जाते. गरम हवा विरळ असते. २५ ऐवजी ६५ अंशांची हवा घेतली, तर तेवढ्याच जागेत सुमारे १२ टक्के हवा कमी मावते. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं!

आणि आपल्या कोकणचा पाऊस विसरू नका. फिल्टर खाली, बंपरपाशी असेल आणि रस्त्यावर पाणी तुंबलेलं असेल, तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढेल. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हजार-दोन हजारांच्या हौसेपायी अख्खं इंजिन जातं.

तेव्हा गडबच्या रस्त्यासाठी आपली निवड ठरली : मोठ्या क्षेत्रफळाचा कागदी फिल्टर, बंद डब्यात, आणि बाहेरची गार हवा उंचावरून घेणारा. शर्यतीची गाडी फार तर काही तास पळायची असते. घरची गाडी वर्षानुवर्षं चालायला हवी.

आईबाबांनाही सांगा, धुळीच्या रस्त्यावर रोज जाणं-येणं असेल तर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच तपासून घ्यावा.

करून पाहा : पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्या. एकाला खोबरेल तेलाचा हात फिरवा, दुसरा कोरडा ठेवा. रस्त्याकडच्या खिडकीत आठ दिवस टांगा आणि मग भिंगातून बघा. धूळ कुठे जास्त चिकटली? का बरं? उत्तर वहीत लिहून ठेवा.