अभ्यासक्रम कोणाच्या अंगणातला?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात त्या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. खेळातून शिक्षण, मातृभाषेला अग्रस्थान आणि या वयात परीक्षेला मज्जाव ही त्याची सूत्रे निःसंशय स्वागतार्ह आहेत. परंतु सूत्रे चांगली असली म्हणजे सुधारणा झाली, असे मानण्याची घाई करणे धोक्याचे ठरेल. सर्व मुलांसाठी आखलेला आराखडा एकेका मुलाच्या घराशी आणि बोलीशी जोडावयाचा कोणी, हा खरा प्रश्न आहे.

न्यूझीलंडने या प्रश्नाचा विचार आपल्या आधी केला. माओरी भाषा लोप पावण्याच्या भीतीने त्या समाजाने १९८२ मध्ये ‘कोहंगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, सुरू केली. तेथे घरातील वडीलधारी माणसे लहानग्यांशी माओरीतच बोलत. पुढे १९९६ मध्ये ‘ते फारिकी’ हा राष्ट्रीय बालशिक्षण अभ्यासक्रम आला, तेव्हा इंग्रजी मजकुराच्या भाषांतरावर काम भागविण्यात आले नाही. त्यातील माओरी भाग माओरी जाणकारांनी त्या समाजाच्या विचारसरणीतून स्वतंत्रपणे रचला. ‘फारिकी’ म्हणजे विणलेली चटई. स्वास्थ्य, आपलेपणा, सहभाग, संवाद आणि शोध हे तिचे पाच धागे. ते कसे विणावयाचे, हे प्रत्येक बालशाळेने आपली मुले व त्यांची कुटुंबे पाहून ठरवावे, अशी त्यात योजना आहे.

मात्र यासाठी आपण परदेशाकडेच पाहिले पाहिजे असे नाही. इटलीत जन्मलेली माँटेसरी पद्धती गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी स्वीकारली, पण जशीच्या तशी नव्हे. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांची जागा शंखशिंपले, खडे, बिया व पाने यांनी घेतली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने कुरणशाळा निघाली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. नाव सर्वत्र पोहोचले. त्यामागील दृष्टी तितकी पोहोचली काय, याचे उत्तर समाधानकारक नाही.

ज्या अंगणवाडी सेविकेने ही चटई विणावयाची, तिच्यावर पोषण आहार, वजन, लसीकरण आणि नोंदी यांचा भार आहे, आणि मोबदला मात्र वेतन नव्हे, मानधन. वारली, गोंडी, कोरकू वा भिली बोलणाऱ्या बालकाला प्रमाण मराठीदेखील परकीच वाटते. तेव्हा मराठी भाषांतर झाले की मातृभाषेचे कर्तव्य संपले, ही समजूत सोडून द्यावी लागेल. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या वर्षांची व्यवस्था शासनाने करावी, असे बंधन त्यात नाही. ज्या वर्षांना आपण पाया म्हणतो, तीच हक्काबाहेर राहावीत, ही विसंगती लहान नव्हे.

दोष केवळ शासनाचा नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या वहीत इंग्रजी अक्षरे किती भरली, यावर शाळेची योग्यता ठरविणारा सुशिक्षित पालकवर्गही त्यास जबाबदार आहे. खेळणारे मूल त्याला वेळ वाया घालविणारे वाटते आणि शाळा त्याची मागणी पुरवितात. कोणताही आराखडा या मागणीपुढे टिकणार नाही.

म्हणून शासनाने शिक्षणाचा हक्क तीन वर्षांपर्यंत खाली आणावा, सेविकांना शिक्षिकेचे प्रशिक्षण, सवड व वेतन द्यावे, आणि बोलीभाषांतील गाणी, गोष्टी व खेळ त्या त्या समाजाकडूनच सिद्ध करून घ्यावेत. पालकांनी आपल्या बाजूने एवढेच करावे, की मूल शाळेतून घरी आले म्हणजे ‘आज काय लिहिलेस?’ याऐवजी ‘आज काय खेळलास?’ असे विचारावे. ताराबाईंनी ऐंशी वर्षांपूर्वी जे अंगणात करून दाखविले, ते आज इतक्या साधनसामग्रीनिशी अशक्य म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.