हद्द

मराठीच्या अध्यापकाला 'हद्द' या शब्दाचा अर्थ विचारला, तर तो सीमा, मर्यादा, शिकस्त असे चारदोन पर्याय सांगून मोकळा होतो. मीही तसाच मोकळा होत असे. यंदा मृगाच्या तोंडावर एका बैलजोडीने मला या शब्दाचा खरा अर्थ शिकवला.

मी नांदेडला शिकवतो. थोरले बंधू गावी शेती पाहतात. गाव अहमदपूर तालुक्यात, म्हणजे लातूर जिल्ह्यात. पण आमचा आखाडा ओढ्यापलीकडे, नांदेड जिल्ह्याच्या कंधार तालुक्यात. गाव जागचे कधी हलले नाही. जिल्हे मात्र बदलले. १९५६ पर्यंत ते बीदरमध्ये होते, मग उस्मानाबादेत आले आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातूरचे झाले. वडील म्हणत, "आपण बसल्या जागी तीन जिल्हे हिंडलो!"

तर त्या आखाड्यावरून एका रात्री दादांची लाल कंधारी जोडी चोरीला गेली. पेरणी आठवड्यावर आलेली. दादा पहाटेच जवळच्या ठाण्यात गेले. तिथे ऐकायला मिळाले, "आखाडा आमच्या हद्दीत नाही." ओढा ओलांडून ते दुसऱ्या ठाण्यात गेले. तिथले उत्तर, "राहता लातूर जिल्ह्यात ना? मग आधी तिकडे जा." असे दोन दिवस गेले. चोराला कुठे हद्द असते? तो एव्हाना तिसऱ्याच तालुक्यात पोचला असेल.

तिसऱ्या दिवशी मी गावी गेलो आणि माझ्या विद्वत्तेला शोभेल असा चार पानी अर्ज लिहिला. शेतकऱ्याचे आणि बैलाचे नाते त्यात इतके रंगवले होते की माझेच डोळे पाणावले. गावच्या पोलीस पाटीलबाईंनी तो शांतपणे वाचला आणि परत दिला. "सर, लिवलंय लई झ्याक. पण बैल कसं व्हतं, शिंगं कशी व्हती, कवा गेलं, ते कुठंय?"

पाटीलबाई म्हणजे पोलिसांच्या नोकर नव्हेत. पूर्वीची पाटीलकी वंशाने चाले. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यापासून पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. नेमणूक महसूल खात्याकडून, काम मात्र बरेचसे पोलिसांचे. गावात काही घडले की वर कळवायचे. त्यांनी दादांना समोर बसवून खुणा विचारल्या : एकाचे डावे शिंग टोकाशी मोडलेले, दुसऱ्याच्या वशिंडावर डाग. माझी चार पाने आठ ओळींत आली.

मग त्यांनी मला ही सारी शिडी समजावली. गावाचा वार पोलीस ठाण्यातल्या बीट हवालदाराकडे. ठाण्याच्या टेबलाशी बसतो तो ठाणे अंमलदार. त्याच्यावर ठाण्याचा प्रमुख अधिकारी. अशा काही ठाण्यांवर उपविभागीय अधिकारी आणि जिल्ह्यावर अधीक्षक. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे पुन्हा एकाच नांदेड परिक्षेत्रात! म्हणजे ज्या हद्दीपायी दादा दोन दिवस हिंडले, ती वरच्या खुर्चीवरून पाहिली तर नव्हतीच.

"आन् आता कायद्यात बी न्हाई," बाई म्हणाल्या. आणि ते खरेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिले आहे की गुन्हा कुठेही घडो, खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. नोंदीची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची. नोंद नाकारलीच, तर फिर्यादीने सारी हकिगत लेखी अधीक्षकांकडे पाठवावी. अमेरिकेत बहुतेक परगण्यांचा शेरीफ मतांनी निवडून येतो; काम पसंत नसेल तर लोक पुढच्या खेपेस त्याला घरी बसवतात. आपला अधीक्षक सरकार नेमते. आपल्या हाती मत नाही, कागद आहे. तो नीट लिहावा आणि त्याची प्रत मागून घ्यावी.

पाटीलबाई आमच्याबरोबर ठाण्यात आल्या. त्या आठ ओळी पुढे केल्या आणि कायद्याचे नावही न काढता नुसत्या उभ्या राहिल्या. खबर शून्य क्रमांकाने नोंदली गेली, ओढ्यापलीकडच्या ठाण्याकडे गेली आणि दादांच्या हाती प्रत आली. दोन दिवसांनी मोडक्या शिंगाचा बैल एका बाजारात सापडला. वशिंडावर डाग असलेला तिथून आदल्याच दिवशी विकला गेला होता. तो आजतागायत मिळालेला नाही.

आम्ही पांढरपेशे 'शहाण्याने ठाण्याची पायरी चढू नये' असे मुलांना शिकवतो. मग पायरी चढायची वेळ येते तेव्हा कोणत्या पायरीवर काय मागायचे, हेच ठाऊक नसते. एम. ए. झालेल्या मला ठाऊक नव्हते, पाटीलबाईंना होते.

दादांनी शेजाऱ्याशी वारंगुळा करून पेरणी उरकली. पोळ्याला मी गावी होतो. मोडक्या शिंगाला बेगड लावली, पाठीवर झूल घातली. दुसरी झूल खुंटीवरच राहिली. दादा तिच्याकडे पाहून एवढेच म्हणाले, "एक दिवस आधी नोंद झाली असती तर."