जागरण म्हणजे कल्पकता नव्हे



'जागरणाशिवाय जाहिरात सुचत नाही' हा एका पत्रलेखकाचा दावा पटण्याजोगा नाही. टोकियोच्या डेंट्सू या जाहिरात एजन्सीत १९९१ मध्ये अतिकामाने खचलेल्या तरुणाने जीव दिला. २००० मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. तरीही २०१५ च्या नाताळात तिथलीच २४ वर्षांची कर्मचारी अतिकामापायीच जीव देऊन गेली. मग कुठे कंपनीत रात्री दहाला दिवे बंद होऊ लागले. २०१७ मध्ये दंड झाला, तोही अवघा ५ लाख येन! क्लायंट थांबत नाही, हे खरे. पण रात्री अकराला आलेला 'लोगो जरा मोठा करा' हा निरोप सकाळपर्यंत थांबला तर काय बिघडते? बहुतेक जागरणे अर्धवट ब्रीफ आणि रखडलेल्या मंजुऱ्यांपायी होतात. नुसते दिवे मालवले तर काम घरी जाते. म्हणून मुदत कबूल करतानाच हाताशी माणसे किती ते पाहावे आणि फेरबदल किती वेळा, हे करारातच लिहावे.