नक्षी आहे अजून!

आपल्या लोकांना गाडीचा टायर म्हणजे चप्पल वाटते. झिजली की बदलायची, तोवर घालायची. मधे कुणी शहाणपण शिकवायला आलाच तर तळवा वर करून दाखवायचा: "नक्षी आहे अजून!" माझे वडील स्कूटरच्या टायरवरून बोट फिरवून हे म्हणायचे. मिशिगनमध्ये येऊन पंचवीस वर्षं झाली तरी मीही तेच म्हणत होतो, आणि आमच्या मंडळातल्या बहुतेकांचं अजून तेच चालू आहे. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

माझ्याकडे १९९९ सालची माझ्दा मियाटा आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची, मागच्या चाकांना ताकद देणारी, वजनाला हजार-अकराशे किलो. घेतली सेकंडहँडच. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून नोव्हेंबरात ती गॅरेजमध्ये जाते आणि एप्रिलात बाहेर येते. वर्षाकाठी धाव फार तर ३,५०० मैल. २०१३ साली तिला नवे टायर घालायचे होते, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मला एकच प्रश्न विचारला: किती मैल टिकायला हवेत? मी अर्थातच सगळ्यात टिकाऊ मागितले. पासष्ट हजार मैलांची वॉरंटी, बारमाही, वर स्वस्तही. घरी येऊन बायकोला हे अभिमानाने सांगितल्याचंही आठवतं.

२०२३च्या ऑक्टोबरात, पहिल्या गार पावसात, गाडी माझी मुलगी चालवत होती. सतरा वर्षांची. हाताने गिअर टाकायला या गाडीवरच शिकली. फ्रीवेच्या वळणदार रॅम्पवर वेग थोडा जास्त आहे असं तिला वाटलं आणि तिने अर्ध्या वळणात पेडलवरून पाय काढला. कुणीही काढला असता. वजन पुढच्या चाकांवर गेलं, मागची हलकी झाली आणि शेपूट निसटली. ही गाडी सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीच्या काळातली. ते अमेरिकेत सक्तीचं झालं २०१२च्या मॉडेलपासून. आम्ही पाठमोरे गवतात जाऊन थांबलो. मागून कुणी येत नव्हतं, एवढंच.

"बाबा, मी चुकले." घरी येईपर्यंत ती तेवढंच म्हणत होती. आणि मी, सांगायला लाज वाटते, तिला ते म्हणू दिलं. वळणात पाय काढायचा नसतो वगैरे व्याख्यानही दिलं. रात्री गॅरेजमध्ये बॅटरी घेऊन टायर बघितले. नक्षी होती! सहा बत्तीसांश इंच. बाद व्हायची रेघ दोनवर असते. नाण्यावरच्या लिंकनचं डोकं खाचेत बुडवून बघायची इथली परीक्षाही ते आरामात पास झाले असते. मग टायरच्या भिंतीवरचे आकडे वाचले: २२१३. म्हणजे २०१३ सालचा बाविसावा आठवडा. अंगठ्याचं नख दाबलं तर रुतेना. रबर कुठलं, बॅकेलाइट झालं होतं.

टायर दोन तऱ्हांनी मरतो. एक झिजून, जो आपल्याला दिसतो. दुसरा वयाने. हवेतल्या ऑक्सिजनमुळे रबर कडक होत जातं, त्यातले मऊपणा राखणारे घटक निघून जातात. ओझोनपासून वाचवायला मिसळलेली रसायनं टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात, म्हणजे उभी गाडी उलट जास्त भोगते. काही गाडी-कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. मिशलँ आणि कॉन्टिनेंटलसारखे टायरवाले दहा वर्षं ही कमाल मर्यादा सांगतात, नक्षी असो वा नसो.

आता माझ्या काटकसरीचा हिशोब मांडा. पासष्ट हजार भागिले साडेतीन हजार: साडेअठरा वर्षं. जो टायर मी फार तर सहा-सात वर्षं वापरायला हवा होता, त्याचं साडेअठरा वर्षांचं आयुष्य मी विकत घेतलं. आणि त्याची किंमत डॉलरमध्ये नाही, पकडीत मोजली. कारण फुकट काही मिळत नाही: जास्त मैल टिकणारं रबर सहसा रस्ता कमी धरतं. भिंतीवर ट्रेडवेअरचा आकडाही छापलेला असतो, तो बघून आपण भाव करतो. तो आकडा कंपनी स्वतःच्याच चाचणीवरून स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीचे ५०० आणि दुसरीचे ५०० एक नव्हेत. शेजारचं ट्रॅक्शनचं 'ए' किंवा 'एए' हे अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक दाबल्यावर टायर किती धरतो तेवढंच सांगतं. वळणाबद्दल अवाक्षर नाही. स्पोर्ट्स कार माणूस सरळ जायला घेतो काय?

मी ते टायर घेतले त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१३मध्ये, 'फास्ट अँड फ्युरियस'वाला पॉल वॉकर एका पोर्श करेरा जीटीत गेला. गाडी तो चालवत नव्हता. तपासाने दोष दिला वेगाला, आणि ते बरोबरच आहे. ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर ते ८०च्या वर होते. पण त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते हीदेखील त्याच तपासातली गोष्ट. ही बातमी मी तेव्हा वाचली होती. वेगाबद्दल मान हलवली आणि टायरचं वाक्य ओलांडून पुढे गेलो.

दुसऱ्या टोकाच्या पंथाशीही माझं जमत नाही. त्यांना शर्यतीचे, २०० ट्रेडवेअरचे टायर सोडून बाकी सगळं पाप वाटतं. ते कोरड्या ट्रॅकवर झकास. थंड सकाळी, डबक्यांतून, शेजारी आई बसलेली असताना नव्हेत. तिसरा पंथ रुंदीवाल्यांचा, त्यांच्यासाठी शब्द खर्च करत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. माझ्या गाडीचं माप १९५/५० आर १५. नव्या गाड्या सतरा-अठरा इंची चाकांवर गेल्या आणि या मापात एकीकडे ट्रॅकचे, दुसरीकडे पासष्ट हजारवाले. मधलं फारसं उरलं नाही. शोधून शोधून ३४० ट्रेडवेअरचे उन्हाळी मिळाले. उन्हाळी टायर साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली कडक पडतात, पण तेव्हा गाडी झोपलेलीच असते. चार टायरांना जास्त लागले १४० डॉलर. सहा वर्षांत वाटले तर वर्षाला २३. मंडळाच्या दिवाळीत जेवणासकट एक तिकीट येत नाही त्यात.

आणि बसवताना समोर उभं राहा. लाज वाटू देऊ नका. पोराने हवा भरली ३६. माझ्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर २६ लिहिलंय. सांगितलं तर म्हणतो, ही तर पंक्चर गाडीची हवा झाली! ढोबळ गणित असं की चाकावरचं वजन भागिले हवेचा दाब म्हणजे रस्त्याला टेकणारा रबराचा तुकडा. दोन माणसांसकट ६६० पाउंड भागिले २६, म्हणजे पंचवीस चौरस इंच. पसरलेल्या पंजाएवढे असे चार तुकडे. छत्तीस भरलेत की प्रत्येकातून बोटंच कापली. चाकाचे नट तो बंदुकीने ठोकत होता, ते हातपान्याने, मोजून, ८० फूट-पाउंडाला आवळून घेतले. तोल दुसऱ्यांदा करायला लावला, कारण ही गाडी ताशी साठ-पासष्टला स्टिअरिंग थरथरवायला टपलेलीच असते. काउंटरवरचा माणूस वैतागला. वैतागू दे.

चूक माझी होती हे मुलीला सांगायला मला दुसरा दिवस उजाडला. तिने ऐकून घेतलं. पण पुन्हा त्या गाडीत बसली ती जूनमध्ये, तेही कोरड्या दिवशी.

जुने चार टायर बघून मंडळातला एक मित्र म्हणाला, "टाकू नकोस रे, नक्षी आहे अजून. पोराच्या गाडीला बसतात का बघतो." त्याचा पोरगा नुकताच लायसन्स काढून कॉलेजला निघालाय. मी नाही म्हटलं आणि दुकानात विल्हेवाटीचे सोळा डॉलर भरले. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.