बदलापूरकर नेमका कुणाचा?

फाळणीच्या जखमा घेऊन आलेल्या सिंधी बांधवांनी छावणीतून उल्हासनगर उभे केले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेने मात्र त्याच शहराचा काही भाग अंबरनाथला, काही कल्याण पूर्वला जोडून टाकला. बदलापूरची कथा त्याहून विचित्र. तालुका अंबरनाथ, विधानसभा मुरबाड आणि लोकसभा भिवंडी! लोहमार्गावर शेजारी असलेले अंबरनाथ शहर मात्र कल्याणच्या खासदाराकडे. २००८ सालच्या या रचनेला आधार २००१च्या जनगणनेचा. तेव्हा कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती; २०११मध्ये ती १,७४,२२६ झाली. सीमारेषा जिथल्या तिथे.

लोकलला लटकणारा चाकरमानी आणि माळशेजच्या पायथ्याचा भातशेतकरी यांना एकाच आमदाराच्या पदरात टाकून कुणाचे भले झाले? शहराच्या वाढत्या मतांपुढे पाड्यावरच्या माणसाचे गाऱ्हाणे मागे पडते आणि शहरालाही पूर्णपणे आपला म्हणावा असा आमदार लाभत नाही. २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत राज्यघटनेनेच या रेषा गोठवल्या आहेत. पुढे परिसीमन आयोग मसुद्यावर हरकती मागवील. तेव्हा प्रभागवार नकाशे आणि आकडे घेऊन किती बदलापूरकर सुनावणीला जाणार आहेत?